द्विवचन

आई चमच्याला काय म्हणते
हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.
झ्लीत्सा.

तोवर आमच्या घरात चमचा इटालियन होता,
दूध इटालियन, पाव इटालियन,
भांडणंसुद्धा.
बाबा ट्रिएस्टच्या गोदीत क्रेन चालवायचे.
आई त्यांच्याशी, माझ्याशी, पाववाल्याशी
एकाच भाषेत बोलायची, जरा जपून,
पाहुणीनं परक्या घरची कपबशी धरावी तशी.
फक्त पैसे मोजताना तिचे ओठ हलत.
एना, द्वे, त्री, श्तीरी.
मला वाटायचं, देवाचं काहीतरी पुटपुटतेय.

मागल्या फेब्रुवारीत बोरा वारा
तीन दिवस खिडक्या खडखडवत होता,
आणि चौथ्या सकाळी आईकडे
इटालियन शिल्लकच नव्हतं.
डॉक्टर फुर्लान म्हणाले, हे असं
वरच्या मजल्यापासून रिकामं होत जातं.
शेवटी तळघर उरतं.
किल्ली कुणाकडे असते, मी विचारलं.
त्यांनी गोळी बदलून दिली.

त्या तळघरात ती सात वर्षांची आहे. नाव झोरा.
कुण्या कारकुनानं ते खोडून आउरोरा केलंय.
अर्थ तोच, पहाट,
पण त्या नावानं हाक मारली तर वळून बघत नाही.
तिथे रेपेनहून शहरात उतरणारी वाट आहे,
दुधाचे डबे, पुढे तिची आई,
मागे शार्का नावाची गाढवीण.
तिथे एक मास्तरीणही आहे.
एका शब्दासाठी तिनं झोराच्या थोबाडीत मारली होती.
शब्द कोणता, ते सांगत नाही.
हात मात्र अजून गालावर जातो.

मंगळवारी आणि गुरुवारी मी क्लासला जाते.
शिकवणारा मतीया, सव्वीस वर्षांचा, एका कानात बाळी.
कशासाठी शिकताय, त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.
ट्रकवाला म्हणाला, सीमेपलीकडचा धंदा.
लग्न ठरलेली मुलगी नुसतीच लाजली.
मी म्हटलं, मातृभाषा आहे.
सगळे हसले. माझे उच्चार त्यांनी ऐकले होते.

रागही येतो.
कुठल्या कपाटात ठेवली होतीस ही एवढी वर्षं?
एक अंगाई तरी काढून द्यायचीस त्यातून.
पण हे तिला तिच्या भाषेत ऐकवायला
माझ्याकडे अजून पुरेशी क्रियापदं नाहीत,
आणि असतील तेव्हा
कुणाला ऐकवणार?

चिगावा सी? ती रोज विचारते.
कुणाची गं तू?
आधी मी घोकलेलं उत्तर द्यायची : तुझी.
ती अंग चोरून घ्यायची. बरोबरच आहे.
सात वर्षांच्या पोरीला
पांढऱ्या केसांची लेक कुठून येणार?
आता सांगते, वरच्या आळीतली निवेस.
हे पटतं तिला. बाकावर सरकते,
मला बसायला जागा होते.

परवा मतीयानं फळ्यावर लिहिलं :
मी. आम्ही.
आणि दोहोंच्या मध्ये, गिचमिडीत, आम्ही दोघीच.
दोघांसाठी क्रियापद वेगळं.
तिसरं कुणी आलं की हे चालत नाही.
ट्रकवाला कुरकुरला, एवढ्याशासाठी
वेगळा नियम कशाला हवा?
मी वहीत दोनदा उतरवून घेतलं.

काल तिनं स्वेटर उलटा चढवला,
दाराशी जाऊन उभी राहिली, हात पुढे केला.
ग्रेवा, म्हणाली.
चल, निघू या.
शेवटचं अक्षर मी नीट ऐकलं. द्विवचनच होतं.
दुसरी मी, की शार्का,
ते वाक्यावरून कळत नव्हतं.

मी बूट घातले.